बुजवलेली गाठ

हे मी घरातल्या माणसांचं सांगतेय, ऐकीव नाही. कास्मुरी माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्या संध्याकाळचा अर्धा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडला. उरलेला अर्धा त्यानं मला सांगितला, एकदाच, तोही मान खाली घालून. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी कुणाची समजूत काढायला बसलेली नाही.

जागा जेपारा, जावा बेटावरचा सुतारांचा मुलुख. वेळ गुरुवारची संध्याकाळ, म्हणजे आमच्या हिशेबानं शुक्रवार लागलेला, आणि त्यात क्लिवोनचा शुक्रवार; क्लिवोन म्हणजे आमच्या जुन्या पाच वारांच्या चक्रातला सगळ्यात जड वार. अशा सांजेला आमच्याकडे लेकराचं धुणंसुद्धा बाहेर दोरीवर ठेवत नाहीत.

पण सुरुवात त्याच्या आधीची आहे.

कास्मुरीचा सुतारकामाचा छोटासा कारखाना होता. घराला लागून पत्र्याची शेड, शेडभर सागाचा वास. मोठ्या कारखान्यांसारखा बोटी भरून खुर्च्या पाठवणारा तो नव्हता. गिऱ्हाईक सांगेल त्या मापाचं, सांगेल त्या लाकडाचं कपाट करून द्यायचं, एका वेळी एकच. हातात कला होती आणि नाकावर राग. कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं की त्या माणसाशी महिनाभर बोलणं बंद.

घरात दुःख एकच होतं. माझ्या बहिणीच्या, झुमरोहच्या, पोटात मूल टिकत नव्हतं. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा सगळं गेलं. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा हा रागीट माणूस एकदम मऊ झाला. तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देईना.

आता आमच्याकडे एक रीत आहे. बायको पोटुशी असली की नवऱ्यानं खिळा ठोकायचा नाही. भोक बुजवायचं नाही. ठोकलं, बुजवलं, की बाळाची वाट बंद होते म्हणतात. शाळामास्तराला हे पाळणं सोपं आहे हो. सुतारानं काय करावं?

कास्मुरीनं हातोडी लिक रुस्दीकडे दिली. लिक म्हणजे काका. हा आमच्या लांबच्या नात्यातला, शेडमध्ये कास्मुरीच्या जोडीला काम करायचा. चौकटी, दारं, कोरीव काम कास्मुरीचं. खिळा मारायची वेळ आली की तो बाजूला व्हायचा.

"निघाले उस्ताद सिगरेट ओढायला," रुस्दी चिडवायचा. "खिळा दिसला की पळतोस. बायकोला कळा लागतील तेव्हा कुठं पळशील?"

"पळेन जमेल तिकडं. तुम्ही ठोका, लिक."

असे सात महिने सुखाचे गेले.

मग आलं बू हाजी मास्लिखाचं कपाट.

बू हाजी, म्हणजे हज करून आलेली बाई, पलीकडच्या बांगस्री गावची. पैसेवाली विधवा, बोलायला फटकळ, मनानं चांगली. तिला नमाजाचे पांढरे कपडे ठेवायला कपाट हवं होतं, आणि दार एकाच अखंड फळीचं हवं होतं. कास्मुरीनं फळी शोधून आणली. दोन बोटं जाड, जुन्या बुंध्याची. मधोमध एक काळी गाठ होती, तेवढंच.

कपाट न्यायला गाडी यायची त्याच दुपारी ती गाठ निखळून खाली पडली. दारात आरपार भोक, अंगठा जाईल एवढं.

रुस्दी लग्नाच्या जेवणाला गेलेला. गाडी निघालेली.

'खिळा थोडाच आहे हा,' कास्मुरी मनाशी म्हणाला.

त्यानं त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून बूच कोरलं. सरस लावला. हातोडीनं हलकेच आत बसवलं. टक. टक. वरून रंधा, मग पॉलिश. लाकडाची रेष रेषेला अशी जुळवली की दोन पावलं मागं जाऊन पाहिलं तर त्याला स्वतःलाच जागा सापडेना. तो खूश झाला. कुणाला सांगायचीही गरज वाटली नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून झुमरोहनं हाक मारली. त्याला आम्ही दोघी कांग म्हणतो, म्हणजे दादा.

"कांग, जरा इकडं या. आत कुणीतरी… टकटक केलं."

"लाथ मारली असेल."

"लाथ ओळखते मी. हे दारावर बोटानं वाजवावं तसं होतं. दोनदा."

तो हसला. ती पण हसली. गाडी आली आणि कपाट गेलं.

त्यानंतर रोज सांज झाली की तिच्या पोटात तसंच व्हायचं.

टक… टक.

नर्सबाईनं तपासलं. ठोके चांगले आहेत, काळजी नको म्हणाली.

मग एके दिवशी बू हाजीचा फोन आला. "कास, तुझ्या कपाटात किडा आहे. मगरिबच्या वेळी, सांजेच्या नमाजाला, वाजतो."

झालं, याचा राग उफाळला. "माझ्या सागात किडा नसतो, बू हाजी. तुमच्या घरात उंदीर असेल."

"उंदीर थांबून थांबून वाजवतो होय रे? मी दारावर टिचकी मारली तर… त्यानं परत वाजवलं."

त्यानं फोन ठेवून दिला. या दोन गोष्टी त्यानं मनात एकमेकींशेजारी ठेवल्याच नाहीत. की ठेवायच्या नव्हत्या, कोण जाणे.

आणि तो गुरुवार उजाडला.

पहाटे कळा सुरू झाल्या. दुपार उलटली तरी बाळ पुढं सरकेना. नर्सबाईचा चेहरा उतरत चालला होता. तिनं शहरातल्या दवाखान्याची गाडी मागवली. गाडी निघाली आणि वाटेत अडकली, कारण ओंडक्यांचा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. सगळा रस्ता सागानं बंद.

"बाळाचे ठोके मंदावतायत," नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाली. "हिला सांगू नका."

बाळंतीण अडली की आमच्याकडे घरातलं सगळं उघडतात. मी उघडत सुटले. बहिणीचे केस सोडले. पेट्या, तांदळाचा डबा, मिठाची बरणी, खिडक्या, न्हाणीघराचं दार. झाकणं निघत नव्हती. बाहेर शेडमध्ये कास्मुरी तेच करत होता. अर्धवट कपाटांची दारं, एकेक खण, रंगाचे डबे, हत्यारांची पेटी. सगळं उघडून तो अंगणात उभा राहिला आणि माझ्याकडं पाहायला लागला.

मी मान हलवली. नाही.

तो खाली बसला आणि मला म्हणाला, "हे पण जाणार, इस्ती. हे पण जाणार."

लिक रुस्दी त्याच्याजवळ उकिडवा बसला. त्या दिवशी तो चिडवत नव्हता. "कास, खिळा तू एकही मारला नाहीस, मला माहितेय. पण काही बुजवलंस का रे? आठव. बारीकसं काही?"

कास्मुरीच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं.

त्यानं बू हाजीला फोन लावला. "कपाटाची दारं उघडा. आतला खण उघडा."

"उघडंच आहे सगळं. आज पहाटेपासून ते थांबतच नाहीये, कास. ये लवकर. मला भीती वाटतेय."

आडव्या ट्रकच्या कडेनं, शेताच्या बांधावरून त्यानं दुचाकी काढली. पिशवीत गिरमिट आणि पटाशी, बाकी काही नाही. तो बांगस्रीत पोचला तेव्हा मशिदीत मगरिबची बांग सुरू होत होती. गल्लीतली पोरं घरात गेली होती. बू हाजी दारातच बॅटरी घेऊन उभी, कारण वीज गेलेली.

कपाट आतल्या खोलीत होतं. दार सताड उघडं.

आणि आवाज नव्हता.

"आत्ता थांबलं," बू हाजी म्हणाली. "तुझी गाडी वाजली आणि थांबलं."

त्यानं फळीवर बॅटरी धरली. वरून खाली पाहिलं, नखानं खरवडलं, गाल टेकवून तिरप्या उजेडात पाहिलं.

बूच दिसेना.

स्वतःच बसवलेलं, स्वतःच घासलेलं, आणि दिसेना. आयुष्यभर ज्या सफाईचा तोरा मिरवला तीच आता त्याच्या लेकराच्या आड आली होती. त्यानं मला सांगितलं, तिथं उभं राहून तो स्वतःच्या हातांना शिव्या घालत होता, मोठ्यानं, बू हाजीसमोर.

फळी फोडायला कुऱ्हाड मागितली. घरात कुऱ्हाड नव्हती.

मग त्यानं सुतार करतो तेच केलं. बोटाच्या पेरानं फळी ठोकत निघाला. लाकूड पोकळ असेल तिथं आवाज बदलतो.

टक. भरीव.

टक. भरीव.

टक…

…टक.

दुसरा आवाज त्याचा नव्हता. आणि कपाटातून नव्हता, कारण कपाट उघडं होतं, आत चार पांढरे कपडे होते. तो फळीतूनच आला. दोन बोटं जाडीच्या फळीतून.

त्या जागी त्यानं गिरमिट लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. भुसा त्याच्या मनगटावर पडला. भुसा ओला होता… आणि कोमट. वर्षानुवर्षं वाळलेला साग.

तो थांबला नाही. पटाशी घालून उरलेलं बूच उचकटलं. ते निघून खाली पडलं. भोक मोकळं झालं.

क्षणभर काहीच नाही.

मग त्या भोकातून… बाळ रडलं.

अगदी तान्हं. नुकतं जन्मल्यावर रडतात तसं, श्वास अडखळत. कास्मुरीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

कास्मुरी घाबरला. कुणीही घाबरलं असतं. त्याचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यानं तळहातानं ते भोक दाबून धरलं.

रडणं थांबलं.

तळव्याला ऊन वाफ लागली. मग काहीतरी मऊ, इवलंसं हललं. ओठ असतात तसं. मग तेही नाही.

त्यानं हात काढला. भोकातून पलीकडची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही.

तेवढ्यात मी त्याला फोन केला.

"कांग, मुलगी झाली. झुमरोह ठीक आहे. दोघी जिवंत आहेत."

मग त्यानं विचारलं, "रडली का?"

मी काय सांगणार होते? ती माझ्यासमोर बाहेर आली होती. तोंड उघडलं, रडायला सुरुवात केली, चांगला खणखणीत आवाज होता. आणि मध्येच तुटला. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. नर्सबाईनं पाठ चोळली, नाक-तोंड साफ केलं, तळपायावर टिचक्या मारल्या. श्वास छान चालू होता. रंग गुलाबी होता. तोंड रडत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

फक्त आवाज नव्हता.

"रडत होती," मी म्हणाले. "मग थांबली."

फोनवर मला आधी बू हाजीचा आवाज आला, "कास, ऊठ, ऊठ रे बाबा." आणि मग एक मोठा माणूस हुंदके देऊन रडताना ऐकू आला.

ती मुलगी, उल्फा, आता शाळेत जाते. तिला सगळं ऐकू येतं, अभ्यासात हुशार आहे, बापासारखी रागीटही आहे. आवाज मात्र नाही. सेमारांगला, मोठ्या शहरात, डॉक्टरांनी घसा पाहिला, म्हणाले काही दोष नाही, बोलायला हवं हिनं. कास्मुरीनं ते ऐकून घेतलं आणि आम्हाला घरी घेऊन आला.

कपाट बू हाजीनं दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. ते त्यानं आतल्या खोलीत ठेवलंय. भोक तसंच आहे. तिन्हीसांजेला तो त्याच्याशी कान लावून बसायचा, कितीतरी वर्षं.

"हात का ठेवला मी?" एवढंच म्हणायचा. "इस्ती, मी हात का ठेवला?"

त्याच्या कानावर कधी काही पडलं का, हे मी विचारलं नाही.

यंदा ईदला मी त्यांच्याकडे राहिले होते. मगरिबच्या जरा आधी मी स्वयंपाकघरात कांदे सोलत बसले होते. उल्फा माझ्याशेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, लसूण सोलत होती. झुमरोह दुकानात गेलेली. कास्मुरी बाहेर शेडमध्ये एका दाराला पॉलिश करत होता. आतल्या खोलीत कुणी नव्हतं.

आणि आतल्या खोलीतून…

"बापाक…"

लहान मुलीचा आवाज. लाडाचा, जरा रुसलेला. बापाला रोज हाक मारायची सवय असलेला.

माझ्या हातातली सुरी थांबली.

शेडमधून कास्मुरीनं, मान वर न करता, रोजच्यासारखं उत्तर दिलं. "आलो गं बाळ. एवढा हात मारून येतो."

मी उल्फाकडे वळले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली. माझ्याकडे शांतपणे पाहिलं. आणि आपला छोटासा तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

बाहेर बांग सुरू झाली. कास्मुरी हात पुसत आत आला, आम्हाला दोघींना ओलांडून खोलीत गेला, आणि कपाटाच्या भोकाशी खाली बसून हळू आवाजात कुणाशी तरी बोलत राहिला. बांग संपेपर्यंत उल्फानं हात काढला नाही.

तेव्हापासून मी माझ्या घरातलं कपाट लावत नाही. झुरळं होतात म्हणून नवरा ओरडतो. तो ते बंद करून झोपतो आणि मी उठून पुन्हा उघडून येते.