पडद्यावरचं पाणी

संगमनेर तालुक्यातल्या त्या गावात मी पोहोचले, तेव्हा पंचायतीला कुलूप होतं आणि पावसाची भुरभुर चालू होती. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर एकजण फोन घेऊन बसला होता.

"सरपंच कुठे भेटतील?"

"काय काम हाय?"

"जिल्हा परिषदेतून आलेय. ग्रामपंचायती ऑनलाइन करायचं काम माझ्याकडे आहे. मी मनवा."

"तुमीच त्या मोठ्या मॅडम?" तो हसला... आणि सरकला. "वर या. पावसात रेंज हितंच येते. सरपंच बी हितंच बसतो."

ओल्या पायरीवर त्यानं स्वतःचा रुमाल पसरला. सरपंच रविराज!

मग माझ्या फेऱ्या वाढल्या. दाखले, नळाच्या तक्रारी — सगळं मोबाईलवर आलं. जिल्ह्यातलं पहिलं ऑनलाइन गाव म्हणून त्याची घोषणा व्हायची होती. त्याआधीच्या ग्रामसभेत मी ऐटीत पडदा उजळला. एकही तक्रार शिल्लक नाही! टाळ्या पडल्या. आणि उठला कोण? रविराज.

"मॅडम, रंगुबाईंनी तक्रार केली, तरी त्यांच्या वस्तीवर पाणी न्हाई. तुमच्या पडद्यावर मात्र आलंय."

सभा हसली. माझे कान तापले. वरून विचारणा नको म्हणून कर्मचारी तक्रारी परस्पर निकाली काढत होते. तशी सोय माझ्याच पद्धतीत होती.

मी माईक घट्ट धरला. "घोषणा पुढे ढकलू. आजपासून तक्रार करणाऱ्यानं 'पाणी आलं' म्हटल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही. फोन नसेल, तर माणूस दारात येऊन विचारेल."

जिल्हा परिषदेतले माझे साहेब फोनवर चिडले. मी हटले नाही.

बाहेर रविराज थांबला होता. "रागावला?"

"लई! आधी मला एकटीला सांगता आलं असतं."

"आलं असतं... पण रंगुबाईंना समद्यांसमोर उत्तर हवं हुतं. आन् तुमी ते द्याल, ही खात्री हुती."

राग तिथंच विरला. नको तितका विरला!

वस्तीची पाइपलाइन दुरुस्त झाली. रंगुबाईंनी भरली घागर दाखवत "आलं गं बाई" म्हटलं, तेव्हाच ती तक्रार बंद झाली. घोषणाही झाली — आणि मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शेवगाव तालुक्याचं काम मिळालं.

"म्हंजे आता हिकडं येनं..." भर चौकात रविराज अडखळला. सभा गाजवणारा माणूस चपलेनं माती उकरत होता.

मीच बोलले. "शेवगावला मी जाणार. काम सोडणार नाही. पण लग्न मला तुमच्याशीच करायचंय."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत आधी धक्का... मग पुरतं ऊन.

"काम सोडूच नका. रविवारी भिंगारला येतो, तुमच्या वडलांना भेटाया. ते न्हाई म्हनले तर?"

"त्यांचं मी बघते. तुमचं काय?"

"माझं?" चहाच्या टपरीवरची सगळी डोकी आमच्याकडे वळली होती. त्यानं सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला.

"व्हय," तो म्हणाला. "व्हय, मनवा."