समोरच्या गॅलरीतलं मत

तुमचा विश्वास बसला नाही तरी चालेल. पण त्या संध्याकाळी चार बिल्डिंगांनी जे पाहिलं, ते मी एकटीने रचलेलं असू शकत नाही. रचण्यात मी तशी बरी आहे, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

डोंबिवली पूर्व. १९९४. थंडीतला रविवार, दिवेलागणीची वेळ.

आमचा केबलवाला उत्तम लग्नांचं शूटिंग करायचा. त्याच्या कॅमेऱ्यावर आम्ही सोसायटीची स्वतःची सिरियल काढली होती. लिहायचे मी, मुख्य कामही मीच करायचे. पडदे, साड्या, सासू... सगळं शेजाऱ्यांकडून उसनं. दर रविवारी उत्तम ती आमच्या चार बिल्डिंगांच्या केबलवर लावायचा.

पुढे काय व्हावं, ते प्रेक्षक ठरवायचे. भागाच्या शेवटी मी कॅमेऱ्याकडे बघून प्रश्न विचारायचे. ‘हो’ म्हणणाऱ्यांनी गॅलरीतला दिवा लावायचा, ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी बंद ठेवायचा. उत्तम आणि मी गच्चीवरून बघायचो.

सिरियलमधली बाई सगुणा, कायम माझ्याच एका हिरव्या साडीत. नवरा मस्कतला गेलेला, परत न आलेला. लोक म्हणायचे, काय कल्पना आहे!

कल्पना कसली.

आमचे हे, म्हणजे विश्राम, मस्कतला गेले त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. आधी दर आठवड्याला फोन... मग सणासुदीला... मग काहीच नाही. कंपनीत विचारलं, तर माणूस ठणठणीत. फक्त घर विसरलेला.

ठाण्यात खोपटजवळच्या एका बालवाडीत मला नोकरी मिळत होती, राहायला खोलीसकट. जावं की थांबावं, ठरत नव्हतं. म्हणून ते मी सगुणावर ढकललं.

पहिली खूण पहिल्याच आठवड्यात दिसली होती...

माझ्या घरासमोर, बी बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, एक पिवळा दिवा.

तो सगळ्यांच्या आधी लागायचा.

सगुणाने मांजर पाळावं का? लागला.

सगुणाने सासूला दार उघडावं का? लागला.

“हेमा, समोर भाडेकरू आलेत का गं?” मी शेजारणीला विचारलं.

“कुठे, चंद्रभागाकाकूंकडे? अगं, काकू गेल्यापासून कुलूप आहे. मीटरसुद्धा काढून नेलंय.”

चंद्रभागाकाकू गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसून अमेरिकेतल्या मुलाची वाट बघायच्या. बघता बघता तिथेच गेल्या. दुपारपर्यंत आम्हाला वाटलं, बसल्यायत.

मग टेपवर आवाज यायला लागला. मी एकटी, गप्प बसलेली असायचे, त्याच सीनमध्ये...

कर्र... कर्र...

वेताची खुर्ची.

माझ्या घरात वेताची खुर्ची नव्हती.

“माइक जुना आहे, वहिनी,” उत्तम म्हणाला. पण माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटच्या भागात मी विचारलं, “सगुणाने त्याची वाट बघत इथेच थांबावं का?” आवाज फाटला. सगळ्यांना तो अभिनय वाटला.

आम्ही गच्चीवर गेलो. आणि... चारही बिल्डिंगा उजळल्या. लोकांना शेवट गोड हवा होता.

“बघा, पब्लिक म्हणते थांबा,” उत्तम खूश झाला.

मी समोर बघत होते.

बी बिल्डिंग, दुसरा मजला...

अंधार.

पहिल्यांदाच.

“उत्तम, उलटं विचार ना.”

“आता? अहो वहिनी, रिझल्ट लागला की!”

“विचार रे.”

गणपतीतला कर्णा गच्चीवरच होता. उत्तमने पुकारा केला, “मंडळी, सगळे दिवे बंद करा! सगुणाने घर सोडून जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनीच लावा!”

“ए उत्तम, आमच्या सगुणाला पळवतोस काय रे?” खालून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. एकेक दिवा विझत गेला.

चारही बिल्डिंगा काळ्या.

आणि मग...

एकच दिवा लागला. पिवळा.

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तम सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन तिथे गेला. होल्डरमध्ये बल्बच नव्हता. खुर्ची होती. कायम रस्त्याकडे तोंड करून असलेली ती खुर्ची... आता घराच्या दाराकडे वळलेली होती. उठून निघाल्यासारखी.

मी खोपटला आले. घर विश्रामच्या नावावर, म्हणून नुसतं कुलूप लावलं. पुढे मीटरही काढायला लावलं.

पुढच्या दिवाळीनंतर बालवाडीत हेमाचा फोन आला.

“शुभदा, घरी आलीस आणि सांगितलंही नाहीस?”

“मी? नाही बाई. मी इथेच आहे.”

“मग तुझ्या गॅलरीत रोज दिवेलागणीला दिवा... कुणीतरी बसलेलं असतं गं.”

“काकू?”



“काकूंच्या घरी आता अंधारच असतो. ही... तुझ्यासारखी दिसते. सगुणाची ती हिरवी साडी नेसलेली.”

ती हिरवी साडी माझ्या ट्रंकेत होती. अजून आहे.

मी पुन्हा डोंबिवलीला गेले नाही. कधी वाटतं, जावं आणि तिला म्हणावं, चल गं, पुरे झालं. पण ती नको म्हणाली तर?

मी इथे आहे, हे रोज स्वतःला सांगते. संध्याकाळी दिवा लावायला बटणाकडे हात नेते... आणि दर वेळी तो तिथेच थांबतो.

तिकडे माझ्या गॅलरीतही आत्ताच कुणीतरी हात उचलला असेल.