निघण्याची तालीम

हेल्वीनं आयुष्याची एकाहत्तर वर्षं त्या बेटावर काढली होती आणि किनाऱ्यावरच्या तुर्कू शहराच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. आता मात्र समुद्र ओलांडून स्टॉकहोमला जायचं होतं. तिथं राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीची, आइलीची, नजर झपाट्यानं जात चालली होती. "पुरता अंधार व्हायच्या आत तुझा चेहरा एकदा बघू दे गं," असं ती फोनवर म्हणाली होती. बुधवारी सकाळी बेटावरून बोट, संध्याकाळी तुर्कूहून जहाज, गुरुवारी सकाळी आइली.

हेल्वीनं तयारीत काही कमी ठेवलं नाही. वाचनालयातून पहिल्यांदाच प्रवास करणाऱ्यांसाठीचं पत्रक आणलं, तिकिटांसाठी राखाडी कोटाला आतून खिसा शिवला. निघण्याआधी एकदा संपूर्ण तालीम करावी, खरोखरच निघालो आहोत असं समजून करावी, म्हणजे धीर येतो, असं पत्रकात होतं. म्हणून रविवारी तिनं चूल विझवली, पाणी बंद केलं, कोट चढवला आणि बाहेर येऊन दाराला खराटा तिरका टेकवला. बेटावर कुलपं नव्हतीच. दाराला खराटा म्हणजे घरात कोणी नाही. मग कोणी हाकही मारत नसे. बॅग घेऊन ती धक्क्यापर्यंत गेली, थोडा वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली, परत आली आणि खराटा उचलून कोपऱ्यात ठेवला.

खरंच धीर आला होता.

सोमवारी सकाळी तिनं दार बाहेर ढकललं, तर पायरीवर काहीतरी आपटलं. खराटा.

ती तडक शेजारी गेली. ओइवा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता.

"या वयात असले चाळे शोभतात का रे तुला?"

"कसले चाळे?"

"मी आत झोपलेली, आणि दाराला खराटा!"

ओइवा हसला. "तुझी टेकडी चढायला गुडघे कुणाचे आणू? काल तूच लावला होतास की. मी पाहिला."

"ती तालीम होती."

त्याचे हात थांबले. "खराटा लावलास आणि गेली नाहीस? खोटा खराटा लावायचा नसतो, हेल्वी. आईनं शिकवलं नाही?"

"आईला मध्ये आणू नकोस!" ती ओरडली आणि घरी येऊन तिनं खराटा गुडघ्यावर मोडून चुलीत घातला.

मंगळवारी दाराला दुसरा होता. ऑक्टोबर संपत आला होता, बर्चची झाडं केव्हाच बोडकी झाली होती. पण या खराट्याच्या बर्चच्या काटक्यांना कोवळी हिरवी पानं होती. टपालवाली फाटकापर्यंत आली, दाराकडे बघून वळली. हेल्वीनं खिडकीची काच बडवली. टपालवालीनं वर पाहिलं, काचेत आभाळ दिसावं तसं पाहिलं, आणि निघून गेली.

"तक्रार करते तुझी!" हेल्वी रिकाम्या वाटेवर ओरडली. राग येत होता म्हणून बरं होतं. रागात दुसरं काही सुचत नव्हतं.

बुधवारी ती बोटीच्या वीस मिनिटं आधी धक्क्यावर पोहोचली. बोट निघून गेली होती. दूर पाण्यावर तिचा पांढरा डाग दिसत होता, आणि दुकानवाली राउनी त्या दिशेनं रुमाल हलवत होती.

"वेळेआधी सोडली? माझ्याकडे तिकीट आहे! आइली वाट बघत असेल, राउनी!"

राउनी वळली. तिनं हेल्वीचा कोट पाहिला, बॅग पाहिली, चेहरा पाहिला. मग पुन्हा बोटीकडे पाहिलं. रुमाल हातातच राहिला.

"तुम्ही कुणाकडे आलात?" तिनं हळूच विचारलं.

"तुम्ही? अगं, चाळीस वर्षं तुझ्याकडचा पाव खातेय मी!"

राउनी दुकानात शिरली आणि तिनं पडदा ओढून घेतला.

गुरुवारी दुपारी हेल्वीनं फोन लावला. बोट चुकली, शनिवारच्या बोटीनं नक्की येते, एवढंच सांगायचं होतं.

"आइली, मी हेल्वी."

पलीकडे कपबशीचा आवाज झाला.

"असली थट्टा करू नये, बाई," आइली म्हणाली. "हेल्वी समोर बसलीय माझ्या. सकाळीच आली. तेव्हापासून डोळे भरून बघतेय मी तिला."

"तुला धड दिसत तरी आहे का? कुणाला घरात घेतलंस? दे तिला फोन!"

कुजबुज झाली. खुर्ची सरकली. कुणीतरी फोन हातात घेतला. श्वास ऐकू आला.

"कोण बोलतंय?"

आवाज हेल्वीचाच होता.

"फोनवर दिसतोय तो नंबर माझ्या घरचा आहे," तो आवाज म्हणाला. रागानं तो थरथरत होता. "मी खराटा लावून आलेय. माझ्या घरात कोण शिरलंय?"

हेल्वीनं उत्तरासाठी तोंड उघडलं. चार दिवस मनात खदखदत असलेला राग तिनं शोधून पाहिला. तो सगळाच्या सगळा पलीकडे होता.

"चुकलं," ती पुटपुटली.

आणि कुणी पाहिलं तर काय म्हणेल, अशा घाईनं ती त्या बाईच्या खुर्चीवरून उठून उभी राहिली.