पाच टक्के उजेड

उजेड किती आत येऊ द्यायचा, हा माणसापुढचा सनातन प्रश्न आहे. मुरबाडच्या पडद्यांच्या दुकानात त्याची तीन उत्तरं मिळतात: पाच टक्के, एक टक्का आणि ब्लॅकआउट. फिटिंग वेगळं.

आमच्यापुढे हा प्रश्न आला तो आईच्या मोतीबिंदूमुळे. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, जानकीबाईंच्या खोलीत उन्हाची तिरीप नको, वाकणं नको, घाईने उठणं तर नकोच. धक्का लागला तर डोळा हातचा जाईल. टोकावड्याच्या आमच्या नव्या घरात आईची खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. म्हणून रोलर ब्लाइंड, म्हणजे वर गुंडाळायचा पडदा. रंगावरून माझं आणि बायकोचं, रत्नप्रभाचं, चांगलंच वाजलं. मी राखाडी, ती बिस्किटी. आईला कुणी विचारलं नाही. डोळा तिचा होता, एवढंच.

खिडकीची चौकट मात्र आईच्या हट्टाची. आमच्याकडे घर पाडलं तरी सागाची चौकट टाकत नाहीत. जुन्या घरात ती स्वयंपाकघराला होती, वाटेच्या कडेला, उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच. नव्या घरात ती माडीवर चढली. गज काढून सरकत्या काचा बसवल्या. बाहेर गॅलरी नाही, सज्जा नाही. सरळ भिंत आणि खाली भाताचं रिकामं खाचर.

दुकानदार अनिलने पाच टक्क्यांचं कापड लावलं.

"दिवसा तुमाला बाहेरचं दिसंल, मावशी. बाहेरच्याला आतलं काय दिसणार नाय."

"माडीवर बाहेर कोन असतो?" आईने विचारलं.

"कोन नाय. पण कंपनी असंच सांगायला सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कॉटवरून उठायला लागली. रत्नप्रभाने तिचे खांदे धरले.

"सोड गो. ताटकळलाय तो."

"कोण, आई?"

"खिडकीतला."

मी पाहिलं. पडद्यावर उन्हाचा पिवळा चौकोन, आणि त्यात एक उभा काळपट पट्टा. विजेचा खांब, मी म्हणालो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. सावलीच्या बाबतीत घरात माझा शब्द अखेरचा.

"अहो, खांब पुढच्या अंगाला आहे," रत्नप्रभा म्हणाली.

मग झाड असेल, म्हणालो. खाचरात झाड नव्हतं.

एक टक्क्याचं कापड आणलं. पट्टा फिकट व्हायला हवा होता. तो गडद झाला, आणि त्याला खांदे आले. मान खाली घातलेली. आई पुन्हा उठली. या वेळी कपाटाचा कोपरा तिच्या कपाळाला निसटता लागला. फोनवर डॉक्टर माझ्यावरच ओरडले. आता परत उठल्या तर माझ्याकडे आणू नका, म्हणाले.

राहिला ब्लॅकआउट.

"यातनं सूर्यपण दिसत नाय, साहेब," अनिलने मोबाइलची बॅटरी कापडामागे धरून सिद्ध करून दाखवलं.

त्या दुपारी मी स्वतः आईजवळ बसलो. वीज गेली होती, पंखा बंद, काचा बंद. पडद्यावर काही दिसत नव्हतं. मला आनंद झाला. आईसाठी कमी, भौतिकशास्त्रासाठी जास्त.

मग पडद्याची खालची पट्टी चौकटीवर वाजली.

टक.

थोडं थांबून, पुन्हा.

"आले रे, आले," म्हणत आईने पाय खाली सोडले.

"आई, पडून राहा. कोण आहे?"

"पानी मागतात, नरू. दुपारची वाटेनं जानारी."

"कोण असायचे?"

"काय ठावं? धूळ येती म्हनून खिडकीला गोनपाट असायचं. हात तेवढा आत यायचा. पेला भरून द्यायचा. तोंड कशाला बघाय पायजे?"

ती पेल्याकडे वाकू लागली.

"तू झोप. मी देतो."

तिने पडून राहावं, इतकाच माझा हेतू होता.

पेला भरला. पडद्याची कड थोडी बाजूला केली. हात घातला.

पलीकडून कुणीतरी पेला धरला. घाई नव्हती.

थोड्या वेळाने तो रिकामा माझ्या हातात परत आला.

मग आठवलं, काच बंद होती.

"पानी प्याला का?" आईने विचारलं.

"प्यायला."

"किती वेळचा उभा होता," म्हणाली, आणि डोळे मिटून दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली.

आईचा डोळा आता उत्तम आहे. ती दुपारी उठत नाही. तिला उठावं लागत नाही. डॉक्टर श्रेय थेंबांना देतात. दुपारचा पेला मी भरतो.

पडदा मात्र खालून फुगला, म्हणून अनिलला बोलावलं. एप्रिल होता, पावसाचा टिपूस नव्हता. त्याने काचेकडची बाजू उलटून पाहिली. ओल्या बोटांचे ठसे होते, काही वाळलेले, काही ताजे. मोठे, लहान, एक अगदी तान्ह्याएवढा.

अनिलने अंगठ्याने कापड चोळून पाहिलं.

"पाणी लागलंय, साहेब," तो म्हणाला. "याला वॉरंटी नाय."