वारा कोणी कापला

ती ट्यूबलाइट बंद करा रे, डोळ्यांवर येते. हां. आता एकमेकांची थोबाडं दिसत नाहीत, तेवढंच बरं वाटतं. पहाटे चारला तुमची शर्यत सुटणार आणि झोपायचं सोडून म्हाताऱ्याकडे भुताची गोष्ट मागताय. सांगतो. पण उद्या घाटात कुणाची चड्डी ओली झाली तर माझं नाव घ्यायचं नाही.

"काका, तुम्ही थापा मारता."

मारतो की. जन्मभर मारल्या. तुझ्या बापाच्या जेवणाच्या डब्यात जिवंत बेडूक कोणी ठेवला होता, विचार त्याला. पण ही थाप नाही. ही सांगताना मला हसू येत नाही, त्यावरूनच ओळख.

तीन वर्षं झाली. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. मी तेव्हाही झाडूगाडीच चालवायचो. शर्यतीच्या शेपटाला फिरायचं आणि जो दमला, जो पडला, त्याला सायकलीसकट आत घ्यायचं. माझ्या फेरीला अवकाश होता, म्हणून आधी पाण्याचे चार कॅन आणि ब्लँकेटांचा गठ्ठा वरच्या खिंडीतल्या चौकीवर पोचवायला निघालो. चौकी म्हणजे काय, एक तंबू, टेबल, कंदील आणि वही. सायकलवाला आला की नंबर आणि वेळ लिहायची.

टेबलामागे मास्तर बसले होते. गणिताचे. माझ्याच वयाचे. मी चौथीत शाळेतून पळालो, ते निवृत्त होईपर्यंत शाळेतच अडकले. सायकलीशी त्यांचा काही संबंध नाही. 'चौकीवर मी बसतो,' असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. का, ते कळायला आणखी एक वर्ष मागे जावं लागेल.

मास्तरांचा मुलगा दवाखान्यात कंपाउंडर होता. त्या वर्षी तो आणि आमच्या चौकातला चष्मेवाला, दोघं शर्यतीत. चारशे किलोमीटर, तीन घाट, शेवटचा घाट रात्री आणि वारा तोंडावर. अशा वाऱ्यात दोघांची जोडी जमते. आता हा तुमचा मेहुणा सायकलवर फक्त दूध आणायला बसतो, त्याच्यासाठी सांगतो. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या चाकाला चिकटून आरामात येतो. दहा मिनिटांनी पाळी बदलायची. पुढचा दमला की कोपर बाहेर झटकतो. म्हणजे, ये बाबा, आता तू.

"कळलं, काका. पुढे सांगा."

कळलं? शाब्बास. संसारात पण बायको कोपर झटकते, तेवढं बघत जा.

तर त्या रात्री कंपाउंडरनं कोपर झटकलं. चष्मेवाल्यानं मान खाली घातली, दिसलंच नाही असं केलं. पुन्हा झटकलं. पुन्हा मान खाली. दीड तास तो पोरगा एकटा वारा कापत राहिला आणि हा मागे पाय राखत राहिला. खिंड जवळ आली तेव्हा कंपाउंडर म्हणाला, "थोडा थांबतोस का? डोळे मिटतायत माझे." हा म्हणाला, "वर भेटू." आणि ताज्या पायांनी निघून गेला.

खिंडीच्या दोन वळणं खाली कठडा तुटलेला आहे. तिथं त्या पोराचा डोळा लागला असावा.

सकाळी तो मला सापडला.

...

चष्मेवाला तिसरा आला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "मीच त्याला दीड तास ओढत आणला. माझ्या चाकाला चिकटून होता बिचारा. शेवटी म्हणाला, तू जा." सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की मी कंपाउंडरला 'ट्रेलर' नाव ठेवलं. मेलेल्या पोराला. चौकात टाळ्या घेतल्या. माझी जीभ ही अशी.

मास्तर चष्मेवाल्याच्या दुकानात गेले, हात जोडले. म्हणाले, "माझ्या मुलाला रात्रभर वाऱ्यापासून जपलंत." त्यानं काय करावं? मास्तरांना नवा चष्मा करून दिला. पैसे घेतले नाहीत. पण तेवढ्यानं झोप लागते होय? वर्षभर लागली नाही. पुढच्या वर्षी मास्तर खिंडीत बसणार असं कानावर आलं, तेव्हा त्यानं ठरवलं, वर पोचल्यावर त्यांना खरं सांगायचं. शर्यतीत नाव घातलं ते त्यासाठीच. घाट लागेपर्यंत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. हे सगळं नंतर त्यानंच सांगितलं, माझ्यासमोर.

रात्री पावणेदोनला तो शेवटच्या घाटाला लागला. सगळ्यांच्या पुढे. मागचा गडी अर्धा तास मागे. बारीक पाऊस. रस्ता चिखलानं माखलेला.

तिसऱ्या वळणावर त्याला मागे चेनचा आवाज आला.

कोरडी चेन. कुरकुर... कुरकुर...

त्याला वाटलं, कोणीतरी गाठलं. बाजूला सरकला. पुढे कोणी आलं नाही. हा हळू झाला, आवाज हळू झाला. हा जोरात, आवाज जोरात.

मागे उजेड नव्हता.

मग श्वास ऐकू आला. दमलेला. अगदी पाठीशी.

यानं वळून पाहिलं नाही.

मेहुण्या, माझा हात कशाला धरलास? सोड.

...

चष्मेवाला बोलला. पुढे बघूनच. "बस मागे. आज वारा मी कापतो."

मागे चेन वाजतच राहिली.

यानं कोपर झटकलं नाही. एकदाही नाही. एक तास.

कुरकुर... कुरकुर...

तुटका कठडा आला.

आवाज थांबला.

आता यानं वळून पाहिलं. रस्ता... पाऊस... बाकी काही नाही.

आणि आता ऐका, त्याच्या मनात काय आलं. त्याला वाटलं, फिटलं! त्यानं मला दीड तास ओढलं, मी त्याला एक तास ओढलं. आता मास्तरांना सांगायची काय गरज? इतकं हलकं वाटलं त्याला. शेवटची दोन वळणं तो शीळ घालत आला. मी ऐकली ती शीळ.

दोन वाजून बावन्न मिनिटं. वर चौकीचा तंबू वाऱ्यानं उपटून निघत होता, म्हणून मी दोर धरायला तिथंच थांबलो होतो. हा उतरला, टेबलाशी आला. "मास्तर, लिहा. नंबर बावीस."

मास्तरांनी पेन टेकवलं. मग वर पाहिलं. कंदील उचलला.

"कोणाच्या मागे होतात?"

"मागे? मी पहिला आहे, मास्तर. माझ्या पुढे कोणीच नाही."

मास्तरांनी कंदील त्याच्या सायकलवर धरला. पुढच्या चाकाला मडगार्ड. मागच्या चाकाला मडगार्ड. दोन्ही धड. मग कंदील पुन्हा त्याच्या तोंडावर.

हनुवटीपासून कपाळापर्यंत चिखल. छातीवर चिखल. दातांत चिखल.

आपल्या मडगार्डाखालून असा चिखल वर येत नाही रे. तो एकाच ठिकाणाहून उडतो. वीतभर पुढे धावणाऱ्या दुसऱ्याच्या मागच्या चाकावरून.

चष्मेवाल्यानं गालाला हात लावला. बोटं पाहिली.

खाली बसला तो. ओल्या जमिनीवर.

"वाराच लागला नाही..." म्हणाला. "चेन मागे वाजत होती, आणि अख्ख्या घाटात मला वारा लागला नाही. मला वाटलं, माझ्याच पायांत..."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. कोपर. मान खाली. वर भेटू. रडतही नव्हता, नुसता सांगत होता. मास्तर पेन धरून ऐकत होते.

संपल्यावर त्यांनी एकच विचारलं. "किती वेळा झटकलं कोपर?"

"सात."

"मोजलं होतंत."

"...हो."

मग मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते 'ट्रेलर' नाव ठाऊक होतं. चौकातला प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत गेला होता. मी ब्लँकेटांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

मास्तर टेबलामागून बाहेर आले. वाटलं, मारतात. त्यांनी नुसतं एक बोट त्याच्या कपाळावर टेकवलं. चिखल बोटाला आला. कंदिलापाशी नेऊन पाहत राहिले. खूप वेळ. मग जागेवर बसले आणि लिहिलं.

ती वही माझ्याच कपाटात आहे. नको, आत्ता काढत नाही. दुसऱ्या ओळीत बावीस नंबर आणि त्याची वेळ आहे, मास्तरांच्या अक्षरात.

पहिल्या ओळीत नंबर नाही, वेळही नाही. मास्तरांच्या बोटाचा, त्या चिखलाचा एक ठसा आहे. तीन वर्षं झाली...

अजून ओला आहे.