मीठ मागणारं भूत

"कॅसेट रिवाइंड करून आणायची असते. बाहेर पाटी लावलीय, मोठ्या अक्षरात."

हे मी त्याला बोललेलं पहिलं वाक्य. प्रेमकथेची सुरुवात याहून गोड हवी, कबूल! पण साल शहाण्णव, भर दुपार, गोडादऱ्याच्या वस्तीत चारी बाजूंनी कापडाचे लूम खडखडतायत आणि राघोमामाच्या व्हिडिओ लायब्ररीत काउंटरवर तुम्ही एकट्या... बसून बघा, मग बोला.

तो ओशाळून हसला. श्रावणातल्या सरीनं त्याचा शर्ट खांद्यांना चिकटला होता, कॅसेट मात्र पिशवीत कोरडी ठणठणीत. ती पुढं करताना त्याची बोटं दिसली. नखांपर्यंत गुलाबी.

"मेंदी काढली वाटतं?"

"नाही हो! साड्यांचा लॉट... पलसाण्याला डाईंग मिलमध्ये आहे मी. वाल्मिक." मग घाईघाईनं म्हणाला, "रिवाइंडचं सांगतो अक्कांना. आमच्या मिलच्या तमिळ रंगमास्तरांच्या बायकोला. कॅसेट त्यांच्यासाठी नेतो मी."

गावी परतणाऱ्या एका तमिळ कुटुंबाकडून मामानं खोकंभर कॅसेट घेतल्या होत्या. त्यांना हात लावणारं हे पहिलं गिऱ्हाईक. परत आलेली कॅसेट दहा मिनिटं दुकानातल्या टीव्हीवर चालवून बघायची, टेप चुरगळली नाही ना ते पाहायचं, आणि तोवर गिऱ्हाइकानं थांबायचं, हा मामाचा नियम. मी कॅसेट आत ढकलली.

अक्कांनी ती जिथं थांबवली होती तिथूनच पिक्चर सुरू झाला. घरातली लाइट गेलेली. कंदील घेऊन एक जाडा मामा भुताची गोष्ट सांगतोय. ऐकणारे तिघं चटईवरून इंचाइंचानं एकमेकांकडं सरकतायत. शेवटी मांजर उडी मारतं, आणि सगळ्यांच्या आधी धूम ठोकतो तो गोष्ट सांगणारा मामाच! मी इतकी हसले की स्टुलावरून पडायची बाकी होते.

"काय सांगत होता तो?" मी विचारलं. "तुम्हाला तमिळ येतं?"

त्यानं रिकामी पिशवी झटकली. "येतं ना. चार वर्षं मास्तरांच्या हाताखाली आहे." आणि गंभीर चेहऱ्यानं सांगू लागला, "त्या घरात एक नवरी होती. हळदीच्या अंगानं विहिरीत गेली. आता ती घरोघर येऊन मीठ मागते..."

"मीठ? ते कशाला?"

"हळद पक्की बसायला."

मला ते पटलं. का पटलं, देव जाणे!

पुढच्या आठवड्यात तो निळी नखं घेऊन आला. कॅसेट नवी, पण तीही अर्ध्यातच थांबवलेली. होस्टेलचं स्वयंपाकघर. म्हातारा आचारी कांदे सोलत भुताची गोष्ट सांगतोय, पोरी ओट्यावर चढून बसल्यायत. झाकण पडतं, आणि आधी पळतो तो आचारी.

"हे तर गेल्या वेळचंच!" मी म्हणाले. "चोरी आहे सरळ."

"चोरी कशी? तिथं मामा होता, इथं आचारी आहे."

"नाव बदललं म्हणून माणूस बदलतो का? तुम्ही उद्या हिरवी नखं घेऊन आलात तर मी काय नवीन गिऱ्हाईक समजू?"

"समजा ना..." तो हळूच म्हणाला. "मग परत पहिल्यापासून ओळख करून घेता येईल."

मी रिमोट शोधू लागले. रिमोट माझ्याच हातात होता.

तेव्हापासून ते वेडच लागलं. खोक्यातले जवळजवळ सगळे पिक्चर तसलेच निघाले. कुणीतरी भुताची गोष्ट सांगणार, ऐकणारे एकमेकांना बिलगणार, सांगणाराच आधी पळणार. आम्ही भांडायचो. कंदील चांगला की टॉर्च? मांजर चांगलं की झाकण? "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते कळलंही नाही. गोष्ट मात्र त्यानंच उलगडून सांगायची. त्याच्या एका भुताला वाफ सोसायची नाही, एक सोड्याच्या पोत्यात लपायचं, आणि मीठ तर जवळजवळ सगळ्यांनाच लागायचं. घरी मी एकटीच हसत बसले की आई विचारायची, "इतली काय हासी राहिनी वं?" मी म्हणायचे, "काही नही." तीन महिने माझं हे "काही नही"च चाललं होतं.

मग एका शुक्रवारी अक्का स्वतःच आल्या. केसांत अबोली, हातात शेवटच्या दोन कॅसेट. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, मास्तरांना तिकडं आपल्या मुलखात, तिरुपूरला नवी मिल मिळाली, सोमवारची गाडी आहे. मला वाईट वाटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मोठ्या हुशारीनं ती मीठ मागणाऱ्या नवरीची गोष्ट त्यांना सांगितली.

अक्का हसत हसत काउंटरवर डोकं टेकून बसल्या. "नमक? नमक किधर से आया? उसमें तो बिना सिर का पोस्टमैन है!" डोळे पुसत म्हणाल्या, "वाल्मिक को कितना तमिल आता? मिल में जितना लगता, उतना। नमक डालो, भाप बंद करो, सोडा लाओ... बस!" आणि जाता जाता म्हणाल्या, "अच्छा लड़का है। मास्टर उसको भी ले जाता है तिरुपूर। डबल पगार।"

आधी राग आला. तीन महिने मला बनवत होता! मग दुसरी गोष्ट उमगली, आणि रागाला उभं राहायलाही जागा उरली नाही. सोमवारी तो जाणार होता. त्यानं मला सांगितलंही नव्हतं.

मी कंदिलाची आणि आचाऱ्याची कॅसेट काढून पाठोपाठ लावली. आवाज बंद करून. आणि तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं. मामा गोष्ट सुरू करतो ते भाचा चपला हातात घेऊन उठल्यावर. आचारी सुरू करतो ते एक पोरगी पिशवी घेऊन बस पकडायला निघाल्यावर. दोघंही भुताबद्दल बोलतात, पण बघतात त्या निघालेल्या माणसाकडं. भीती घालायचीच नव्हती मुळी त्यांना. फक्त कुणी उठून जायला नको होतं.

शनिवारी दुपारी तो आला. नखं स्वच्छ होती. मेंबरशिपचं कार्ड त्यानं काउंटरवर ठेवलं.

"वर्षा... एक सांगायचं होतं."

ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. "आधी माझं ऐक," मी म्हणाले. "तिरुपूरच्या मिलमध्ये एक रंगाची टाकी आहे."

त्यानं चमकून वर पाहिलं.

"त्या टाकीत एक बाई राहते. खानदेशातली पोरं तिला लांबून ओळखू येतात. ती हळूच विचारते, जेवलास का रे? पोरगं हो म्हणालं की संपलं. घरचा रस्ताच विसरतं ते."

"मीठ मागते का?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नाही. बिनसिराच्या पोस्टमननं तिला सांगून ठेवलंय, याच्याकडं मीठ फार आहे, मागू नकोस."

त्याचे कान लाल झाले. "अक्का बोलल्या..."

"मध्ये बोलू नकोस! मग ते पोरगं डबल पगार घेतं, तिथलीच भाषा शिकतं, खरीखुरी. आणि इकडं गोडादऱ्यात... एक पोरगी रोज कॅसेट तपासते, आणि..."

पुढचं सुचेना. बाहेर लूम खडखडत होते आणि मी काउंटरची कड घट्ट धरून उभी होते.

"आणि?"

"आणि काही नाही. जाऊ नकोस, वाल्मिक."

तो एकदम आमच्या घरच्या खानदेशी बोलीत बोलला. "माले कथाच नही जानं, वर्षा. कुठंच नाही. मास्तरांना सकाळीच नाही म्हणून सांगून आलो. रागावलेत माझ्यावर."

मी मटकन स्टुलावर बसले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवला असं झालं. रडू आलं, हसूही आलं, कुठलं आधी ते आठवत नाही. मग राग आला, तो मात्र चांगला आठवतो.

"मग मघाशीच का नाही सांगितलंस? आणि हे कार्ड कशाला आणलंस?"

"कार्ड अक्कांच्या नावावर आहे. माझ्या नावानं करून घ्यायला आणलं." तो हसला. "आणि सांगायलाच तर आलो होतो! तू टाकीतली बाई काढलीस. गोष्ट अर्धी सोडून कोण जातं?"

"तीन महिने खोटं सांगितलंस मला."

"पहिल्या दिवशी तमिळ येत नाही म्हणालो असतो, तर तू कॅसेट बंद केली असतीस." त्यानं खाली पाहत काउंटरवरची धूळ बोटानं पुसली. "माझी आई येईल उद्या कोसाडहून. तुमच्या घरी. चालेल?"

"माझ्या आईला विचार ना."

"त्यांना आई विचारेल. मी तुला विचारतोय."

दुपार कलली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, खरंच सांगते. मी हो म्हणाले. लुमांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्यानं पुन्हा एकदा म्हणाले.