अजून नाही

जावा बेटावरच्या मुन्तिलानच्या बसतळावर तियुर्मा उतरली तेव्हा दोन्ही हातांत एक जड खोकं होतं, खांद्यावर पिशवी होती, आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला.

"जरा धरता का?" म्हणत तिने खोकं समोरच्या माणसाच्या हातात दिलंसुद्धा. त्याच्या होकाराची वाट बघण्याइतका धीर तिच्या घराण्यात कुणालाच नव्हता. सुमात्रातल्या तोबा तळ्याकाठची सिलालाही मंडळी ती; बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे.

माणूस तिशीचा, सडपातळ, इस्त्री केलेला बाटिक शर्ट घातलेला. त्याच्या मागे एक बस गुरगुरत होती आणि कंडक्टर "सेमारांग, सेमारांग" ओरडत होता. त्याने एकदा बसकडे पाहिलं, एकदा वाकून चपलेला सेफ्टी पिन लावणाऱ्या मुलीकडे पाहिलं... आणि नुसता हसला. बस निघून गेली.

"गामेलान शिकवतात ती शाळा कुठे आहे?" तियुर्माने विचारलं.

"पूर्वेला."

"पूर्व म्हणजे डावीकडे की उजवीकडे?"

तो गडबडला. "म्हणजे... मेरापीच्या बाजूला."

ढगांत मेरापी ज्वालामुखीचा पत्ताच नव्हता. "लांब आहे?"

"जवळच," तो म्हणाला, आणि खोकं घेऊन चालू लागला.

त्या 'जवळच'ला अर्धा तास लागला. वाटेत भुरभुर पाऊस आला. त्याने स्वतःचं डोकं भिजू दिलं आणि खिशातला रुमाल खोक्यावर पसरला. तियुर्माने ते पाहिलं.

शाळेच्या फाटकाशी बू मार्सियेम, म्हणजे मार्सियेममावशी, गेथुकची टोपली घेऊन बसली होती. सत्तरीची बाई, कसाव्याचे गोड गोळे विकणारी आणि त्याहून गोड गोष्टी सांगणारी. ती लगेच म्हणाली, "अगंबाई, मास विनार्नो? तुम्ही तर बहिणीकडे सेमारांगला निघाला होतात ना?"

तियुर्मा गर्रकन वळली. "तुमची बस चुकली? माझ्यामुळे?"

"छे छे. बसला... जरा घाई होती."

"मग मला तोंडावर नाही म्हणायचं ना!"

विनार्नोचा चेहरा असा झाला, जणू तिने त्याला चर्चमध्ये शिट्टी वाजवायला सांगितली होती.

बूने तोवर तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून घेतलं. इथे ताईला 'म्बाक' म्हणतात आणि दादाला 'मास'. "म्बाक, लग्न झालंय?"

"नाही."

"असं तोडून बोलू नये, पोरी. 'अजून नाही' म्हणावं. नाही म्हटलं की दार लागतं. अजून नाही म्हटलं की नुसतं लोटलेलं राहतं."

खोक्यात सर्व्हर होता. आजूबाजूच्या गावांतल्या आज्यांना जावानी भाषेतल्या गोष्टी तोंडपाठ, आणि शाळेतल्या पोरांना त्यातली एकही ठाऊक नाही, असा प्रकार. म्हणून शाळेने ठरवलं होतं की आज्यांनीच ब्राउझर उघडायचा, आपला आवाज टाकायचा, चित्रं जोडायची, खाली ओळी लिहायच्या, आणि गोष्ट तयार. त्यांच्या जुन्या संगणकांवर काही बसवायला नको. बसवायचं ते सगळं सर्व्हरवर. जिल्ह्याचे साहेब शनिवारी येणार होते. आज्यांनी स्वतःच्या हाताने गोष्ट केली तर योजना राहील, नाहीतर गुंडाळली जाईल, असं त्यांनी साफ कळवलं होतं.

तियुर्माचं हे स्वतःच्या नावावर घेतलेलं पहिलं काम. जकार्तातली एक कंपनी तिला पुढच्या सोमवारपासून बोलावत होती, पण हे पार पाडल्याशिवाय ती हलणार नव्हती. अर्धवट काम टाकणाऱ्या माणसांशी ती जेवायलासुद्धा बसत नसे.

सर्व्हरला जागा मिळाली ती गामेलानच्या, म्हणजे जावानी वाद्यवृंदाच्या खोलीत, काशाच्या मोठ्या गाँगशेजारी. तियुर्मा कामाला भिडली. यंत्रणा चढवली, माहितीचा साठा जोडला, आज्यांची खाती उघडली, शाळेतल्या शाळेत चालेल असा पत्ता दिला. विनार्नो तिथेच मुलांना वाद्यं शिकवायचा आणि आज्यांचे आवाजही तोच ध्वनिमुद्रित करायचा. मुलं गेली की तो गोडमिट्ट चहा आणायचा, आणि तियुर्मा दर वेळी तोंड वाकडं करायची.

"तुमच्याकडे मिरचीलाही साखर लावतात का हो?"

"लावतो... पाहुणी गोड असली की कमी लावतो."

हे इतक्या हळू आवाजात म्हटलं गेलं की ते ऐकलं की नाही, हे ठरवायला तिला दुपार लागली.

एक गोष्ट मात्र तिला चक्रावून टाकत होती. ती नेटवर्कची केबल गाँगवरून सरळ ओढून जायची, आणि सकाळी पाहावं तर केबल भिंतीकडेने लांबचा वळसा घालून नीट मांडलेली.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने विचारलं, "मास, ही कोण हलवतं?"

विनार्नोने छताकडे पाहिलं. "कदाचित... केबललाच ती जागा आवडत नसेल."

"मास विनार्नो."

"वाद्यांना ओलांडून काही नेत नाहीत," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि रोज लवकर येऊन केबल फिरवताना तुम्हाला काय वाटत होतं?"

"छान वाटत होतं," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून घाईघाईने निघून गेला. तियुर्माचा त्या दिवशीचा चहाही गोड होता, तरी तिने कप रिकामा केला.

बुधवारी चाचणी झाली. आठ आज्या संगणकांपुढे बसल्या. तियुर्मा प्रत्येकीच्या मागे जाऊन विचारत होती, "जमतंय ना?" आणि प्रत्येक आजी मान डोलावून "हो हो, म्बाक, फार छान," म्हणत होती. तियुर्माचा जीव भांड्यात पडला. आज्या घरी गेल्यावर तिने सर्व्हरवर गोष्टींचा फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा होता. एकही गोष्ट नाही, एकही आवाज नाही.

ती तशीच फाटकाशी गेली. "बू, तुमची गोष्ट वर चढली नाही. तुम्हाला काही दिसलं नाही?"

"दिसलं की. लाल अक्षरं आली इंग्रजीत."

"मग सांगितलं का नाही?"

बूने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "इतक्या लांबून आलीस, जेवणखाण सोडून राबलीस. तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? माझंच काहीतरी चुकलं असेल म्हटलं, आणि ते लाल गपचूप बंद केलं."

आठही जणींनी तेच केलं होतं. चूक साधी होती. किती मोठी फाइल घ्यायची याची मर्यादा सर्व्हरवर मुळातच फार लहान ठेवलेली होती, आणि आज्यांच्या गोष्टी लांबलचक. तियुर्माने ती मर्यादा दहा मिनिटांत वाढवली. पण तिला झोंबलं ते वेगळंच. उद्या दुसरं काही अडलं तरी या बाया हो हो म्हणत बसणार, आणि शनिवारी साहेबांसमोर तोंडघशी पडायची ती तिने.

गुरुवारी तिने पडद्यावर एक ठसठशीत लाल बटण बसवलं: 'चालत नाही'. ते दाबलं की तिच्या पडद्यावर कळणार. सगळ्यांना दहा वेळा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. एका आजीचं चित्र अर्ध्या तासापासून अडकलेलं होतं आणि ती हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत हसत होती.

दुपारी तियुर्मा गाँगशेजारी बसकण मारून बसली. "माणसं आहेत की साखरेच्या बाहुल्या? एका बटणावर बोट ठेवायला काय जातं?"

विनार्नो शेजारी बसला, मध्ये एक हात अंतर सोडून. "बरोबर आहे तुमचं."

"बरोबर आहे म्हणू नका. खरं काय ते बोला."

त्याने गाँगवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "बटण चांगलं आहे. फक्त... त्यावरचे शब्द. आमच्याकडे नाही म्हणवत नाही कुणाला. पण 'अजून नाही' सगळेच म्हणतात. जेवलात का? अजून नाही. पाऊस थांबला? अजून नाही. त्यात कुणाचा अपमान होत नाही."

"तुमचं लग्न झालंय का?" तियुर्माने फटकन विचारलं.

"अजून... नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

ती उठली ती थेट संगणकापाशी. माणसं बदलायची नाहीत, बटण बदलायचं. तिने बटणाचा रंग कच्च्या केळ्यासारखा हिरवा केला आणि वर लिहिलं: 'अजून नाही'. लाल इंग्रजी सूचना एकेक करून काढल्या आणि विनार्नोला शेजारी बसवून जावानीत लिहून घेतल्या. 'आवाज जरा मोठा आहे, थोडा विसावा घेऊ या.' 'चित्र वाटेत आहे, पोचेलच.' दोघांची डोकी एकाच पडद्यावर वाकलेली. तिच्या केसांचा त्याच्या बाहीला स्पर्श झाला की तो शब्द विसरायचा आणि ती मुद्दाम तोच शब्द पुन्हा विचारायची.

शुक्रवारी आज्यांनी हिरवं बटण इतक्या वेळा दाबलं की तियुर्माला पाणी प्यायला फुरसत मिळाली नाही. ती आयुष्यात इतकी खूश कधी झाली नव्हती.

शनिवारी साहेब आले आणि बू मार्सियेमच्याच मागे उभे राहिले. बूने आवाज टाकला, चित्रं जोडली, 'तयार करा' दाबलं. काहीच होईना.

"हं. झालं का, बू?" साहेबांनी विचारलं.

एवढा मोठा माणूस मागे उभा, आणि बूचं बोट हवेत. बूने साहेबांकडे पाहून गोड हसत हिरवं बटण दाबलं. "अजून नाही, साहेब."

तियुर्माच्या पडद्यावर खूण आली. आठ गोष्टी एकदम आल्या होत्या आणि सर्व्हर एका वेळी एकच तयार करत होता. बाकीच्या दाराशी रांगेत. तिने एका वेळी चार तयार होतील अशी सोय केली आणि काम पुन्हा चालू केलं. मिनिटाभरात बूचा आवाज खोलीभर घुमला, चित्रांतली खार झाडावर चढली, आणि पोरं खदखदून हसली.

"मशीन अडलं याचं काही नाही," जाताना साहेब म्हणाले. "अडलंय असं कुणी सांगितलं, हे मी या जिल्ह्यात पहिल्यांदा पाहिलं. आणखी दहा शाळांना हेच द्या. कुणी बसवणारं राहणार असेल तर."

तियुर्माने विनार्नोकडे पाहिलं. तो खुर्च्या रचत होता.

रविवारी चर्च सुटल्यावर तो तिला बसतळावर पोचवायला आला. या वेळी हातात खोकं रिकामं होतं, तरी त्यानेच धरलेलं. कंडक्टर "जोग्या, जोग्या" ओरडत होता. जकार्ताची गाडी तिथूनच मिळायची.

"जकार्तावाले उद्या वाट बघताहेत," ती म्हणाली.

"हो हो. चांगली कंपनी आहे."

"तिथला चहा गोड नसतो."

"हो. तुम्हाला... बरं पडेल."

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या या माणसाचा तिला भयंकर राग आला, आणि त्या रागातच कळलं की हा राग आता जन्मभर पुरणार आहे. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. "मास, एकदाच विचारते. तुमच्या बायांसाठी मी अख्खं मशीन तुमच्या भाषेत बसवलं. आता तुम्ही एक उत्तर माझ्या भाषेत द्या. मी जाऊ?"

त्याचे ओठ सवयीने 'हो'साठी उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

"नाही."

कंडक्टर ओरडायचा थांबला.

"नाही," विनार्नो पुन्हा म्हणाला, आधीपेक्षा मोठ्याने. "जाऊ नकोस. मला तू आवडतेस. त्या दिवशी बसला घाई नव्हती, तियुर. मीच चढलो नाही."

तियुर्माने पायरीवरचा पाय खाली घेतला. बस निघून गेली. तिने तिथेच उभ्या उभ्या जकार्ताला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. त्यात तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

फोन ठेवते तोच समोर गेथुकची टोपली. चर्चहून परतणारी बू मार्सियेम दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "काय गं, अजून इथेच? मग... लग्न ठरलं की काय?"

विनार्नो खोक्याआड तोंड लपवायच्या बेतात होता. तियुर्माने त्याचा हात धरला, मान जराशी झुकवली, आणि खास इथल्यासारखं, सावकाश, मऊ आवाजात म्हणाली,

"अजून नाही, बू."

बूने पुढे काही विचारलं नाही. टोपलीतले दोन गेथुक तिने एकाच केळीच्या पानात बांधून दिले.